रिकाम्या कोनांवरच्या माळा

चार वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात पोटमाळ्यावरून एक गोणपाटाचे पोते खाली उतरवले, तेव्हा त्यात मागल्या वर्षीच्या दिव्यांच्या सात माळा होत्या आणि त्यांपैकी फक्त दोन पेटल्या. बाकीच्या पाचांची अवस्था एकीहून एक वेगळी होती. दोन माळा एकमेकींत अशा गुरफटल्या होत्या की त्या सोडवण्यातच संध्याकाळ गेली. एक अर्धीच पेटत होती. एक उंदराने तीन ठिकाणी कुरतडलेली होती. आणि पाचवी मागल्या वर्षीच्या थर्माकोलच्या मखराच्या तुकड्यांना चिकटून बसली होती. कुरतडलेली माळ सरळ करून पाहावी म्हणून माझे यजमान ती बोर्डाला लावूनच हातांत धरून उलगडू लागले आणि उघड्या पडलेल्या तारेला बोट लागताच त्यांचा हात झटक्याने मागे गेला. सुदैवाने पायांत चप्पल होती आणि दुसरा हात कशाला टेकलेला नव्हता, त्यामुळे इजा झाली नाही. परंतु तो क्षण मी अजून विसरलेली नाही. त्या वर्षापासून माळा काढणे, पुसणे, गुंडाळणे आणि ठेवणे हे काम मी स्वतःकडे घेतले, आणि त्यात काय चुकत होते ते एकेक करून समजून घेतले.

थर्माकोलचा प्रकार सर्वांत चमत्कारिक वाटला, म्हणून तोच आधी सांगते. माळ ओढून काढली तेव्हा मखराच्या पांढऱ्या तुकड्यात तारेच्या जाडीची खाच पडलेली होती, जणू कोणी तापलेली तार त्यावर ठेवली होती. खाचेच्या आतला थर्माकोल काचेसारखा चकाकत होता, बोटाला चिकट लागत होता आणि तारेचा हिरवा रंग त्याला लागला होता. तारेचे वेष्टण मात्र त्या जागी कडक झाले होते आणि वाकवताच त्याला बारीक भेगा गेल्या. कारण असे आहे की, या माळांच्या तारेवरचे पीव्हीसीचे वेष्टण मूळचे मऊ नसते; ते लवचीक राहावे म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. पीव्हीसी आणि थर्माकोल दीर्घकाळ एकमेकांना लागून राहिले, की तो पदार्थ हळूहळू थर्माकोलात उतरतो. थर्माकोल विरघळू लागतो आणि तार कोरडी पडून ठिसूळ होते. मखर आणि माळ दोन्ही गणपतीचेच सामान म्हणून एकाच पोत्यात घालणे आम्हाला सोयीचे वाटले होते, आणि त्या सोयीनेच एक चांगली माळ गेली.

अर्ध्या पेटणाऱ्या माळेचे उत्तर आमच्या गल्लीतल्या वायरमननी दिले. त्यांनी टेस्टर न लावता केवळ तार बोटांत धरून इंच-इंच वाकवत नेली आणि एका जागी थांबून म्हणाले, ‘‘आतनं तार तुटलीया वहिनी, वरनं दिसणार न्हाई.’’ वेष्टण अखंड होते, आतल्या तांब्याच्या केसासारख्या तारा मात्र एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकून तुटल्या होत्या. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट आणि लाल-पिवळ्याला साधारण २ व्होल्ट पुरतात. म्हणून असे अनेक दिवे एकापुढे एक जोडून घरातली २३० व्होल्टची वीज त्यांच्यात वाटून दिलेली असते. अशा सिरीजमध्ये एका जागी तार तुटली, की तो सगळा भाग अंधारतो, आणि दोन-तीन भागांची माळ असेल तर ती अर्धी किंवा पाऊण पेटते. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, ती मी घरातल्या मुलांनाही सांगत असते. एका दिव्याला ३ व्होल्ट लागतात म्हणून माळ निरुपद्रवी असते असे नाही. उघड्या तारेला हात लागला तर अंगावर येणारी वीज बोर्डातल्या विजेइतकीच असू शकते. त्याच आठवड्यात आम्ही घरच्या मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज भलतीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, बसवून घेतली.

तार एकाच ठिकाणी का मोडते, हे मात्र वायरमनपेक्षा मला आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अधिक नेमके दाखवले. आमचे घर मागवाल्यांचे. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आले आहेत, आणि आत्यांनी लग्न होऊन आल्यापासून हात थकेपर्यंत कांड्या भरल्या आहेत, म्हणजे मागासाठी सूत नळ्यांवर गुंडाळले आहे. त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी अंगणातली माळ उतरवली आणि सगळेजण करतात तशी अंगठा आणि कोपर यांच्याभोवती भराभर गुंडाळू लागले. आत्या सोप्यात बसून पाहत होत्या. ‘‘असं कोपराला गुंडाळू नको ग, पीळ पडतोय,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला माळ पुन्हा सोडायला लावली. सोडलेली माळ जमिनीवर सरळ पडेना; ती साप वळवळावा तशी आपोआप वेढे घेत होती. त्यांनी मागाजवळचा सुताचा एक रिकामा कोन, म्हणजे सूत गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची निमुळती पोकळ नळी, आणला, त्यातून एक लाकडी काठी घातली, काठीची दोन टोके दोन हातांत धरली आणि म्हणाल्या, ‘‘आता टोक ह्याला बांध आणि कोन फिरीव. माळ फिरवू नको.’’

ज्यांनी कांड्या भरल्या आहेत त्यांना यात नवे काही नाही, पण मला ते पहिल्यांदाच कळले. स्थिर वस्तूभोवती दोरा फिरवत नेला, की प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एक पूर्ण पीळ बसतो. उलट वस्तूच स्वतःभोवती फिरवून तिच्यावर दोरा ओढून घेतला, तर पीळ बसत नाही. सुताला थोडा पीळ चालतो, कधी हवाही असतो. दिव्यांच्या माळेत मात्र दोन-तीन तारा आधीच एकमेकींभोवती वळलेल्या असतात, त्यामुळे चाळीस-पन्नास वेढ्यांचे चाळीस-पन्नास पीळ तिच्यात साठतात आणि ते जिथे तार दिव्याच्या बुडाशी शिरते त्या नाजूक जागी जोर करतात. पुढल्या वर्षी आपण ती ओढून सोडवतो तेव्हा तार मोडते ती नेमकी तिथेच. सोडतानाही हाच नियम लागू होतो. कोन उभा ठेवून वरून वेढे उपसले तर पुन्हा पीळ बसतो. म्हणून कोन काठीवर आडवा धरून तो फिरेल तशी माळ उलगडू द्यायची.

तेव्हापासून मी सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन साठवते. आमच्या भागात ते सहज मिळतात. साधारण सात इंच उंचीचा हा कोन वरच्या बाजूला निमुळता आणि खाली रुंद असतो, आणि या आकाराचा मला अनपेक्षित फायदा झाला. माळेचे दूरचे टोक, म्हणजे ज्या टोकाला पिन नाही ते, कोनाच्या रुंद काठाला कात्रीने पाडलेल्या खाचेत अडकवून मी गुंडाळायला सुरुवात करते, आणि बोर्डाकडचे टोक शेवटी येते. त्या टोकाची दोन पिनांची टॉप (प्लग) आणि चमकण्याचे प्रकार बदलणारी छोटी डबी दोन्ही कोनाच्या पोकळीत बसतात. कोन रुंद बाजू खाली करून उभा ठेवला, की वेढे आपल्या वजनाने खाली बसतात आणि सुटत नाहीत. एका कोनावर एकच माळ, आणि वेढे सैल. बोट आत जाईल इतकी जागा राहिली पाहिजे. ज्या माळांचे दिवे मोठे आहेत, फुलांचे किंवा पणतीच्या आकाराचे आहेत, त्या कोनावर बसत नाहीत. त्यांच्यासाठी साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा दोन्ही बाजूंनी खाचा पाडून वापरते, आणि तिथेही पुठ्ठाच उलटापालटा करत जाते.

गुंडाळण्याआधीच्या कामाला खरे तर अधिक वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो. बेळगावात दिव्यांचा हंगाम मोठा असतो. लोकमान्य टिळकांनी १९०५ साली इथल्या झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवल्यापासूनची परंपरा या शहराला आहे. गणपतीत लागलेल्या माळा नवरात्रात पुन्हा निघतात, मग दिवाळी आणि त्यानंतर तुळशीचे लग्न. कॅम्पातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी तर त्यांनंतर नाताळची चांदणी लागते. इतके दिवस माळा बाहेर असतात, त्यात परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, आणि नोव्हेंबरात पहाटेचे दव पडते. म्हणून मी माळा सकाळी कधीच उतरवत नाही. दुपारी चारच्या सुमारास, दव वाळलेले असताना आणि पुढचे दव पडण्याआधी, आधी बोर्डाचे बटण बंद करून, मग टॉप धरून (तार धरून नव्हे) ती उपसून घेते, आणि त्यानंतरच शिडीला हात लावते. शिडी धरायला खाली कोणीतरी असल्याशिवाय मी वर चढत नाही. खिळ्यात अडकलेली माळ खालून हिसडून काढण्याचा मोह होतो; तो आवरावा लागतो, कारण वेष्टण चिरते ते तिथेच.

उतरवलेल्या माळा मी आतल्या खोलीत दोरीवर दोन दिवस सावलीत टाकते. उन्हात टाकत नाही, कारण ऊन पीव्हीसीला कडक करते. मग सुती फडक्याने एकेक दिवा पुसते. देवघरावरच्या माळेला उदबत्तीचा आणि निरांजनाच्या तुपाचा एक पिवळसर चिकट थर बसलेला असतो, तो कोरड्या फडक्याने निघत नाही. त्यासाठी फडके किंचित ओले करून घट्ट पिळते आणि पुसल्यावर ती माळ पुन्हा एक दिवस वाळवते. अंगणातल्या माळेवर फटाक्यांची राख असते. पुसताना बोटांना जे कळते ते डोळ्यांना कळत नाही: कुठे वेष्टण खरखरीत लागते, कुठे दिवा हलतो, कुठे जुन्या इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हाने पाघळून बाहेर आला आहे.

सगळे पुसून झाल्यावर प्रत्येक माळ जमिनीवर सरळ पसरून पाच मिनिटे पेटवून पाहते. गुंडाळलेली माळ जास्त वेळ पेटती ठेवू नये, विशेषतः जुन्या बारीक बल्बांची, कारण तिची उष्णता वेढ्यांत कोंडते. या तपासणीत जे दोष सापडतात ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते. सदोष माळ तशीच ठेवली, की चतुर्थीच्या घाईत ती तशीच लावली जाते. पूर्वी आमच्याकडे गेलेला दिवा कापून टाकून दोन्ही तारा एकत्र पिळण्याची पद्धत होती. त्याने माळ पेटते हे खरे, परंतु एक दिवा कमी झाला, की त्याच्या वाट्याचे व्होल्ट उरलेल्यांवर पडतात, आणि असे चार-पाच दिवे काढले की बाकीचे तापून लवकर जातात. आता मी तेवढ्याच व्होल्टचा दुसरा दिवा बसवून घेते. टॉप तुटलेल्या माळांच्या तारा सोलून बोर्डाच्या भोकात काडेपेटीच्या काड्यांनी खोचण्याचा प्रकार तर पूर्ण बंद केला; वायरमनकडून प्रत्येक माळेला नवी टॉप बसवून घेतली, आणि त्याला आलेला खर्च एका नव्या माळेच्या किमतीहूनही कमी होता.

ज्या माळेचे वेष्टण दोन-तीन ठिकाणी तडकलेले आहे, ती मी ठेवत नाही. टेप लावून आणखी एक वर्ष निघेल असे घरात कोणीतरी म्हणतेच, पण मला ते पटत नाही. अशा माळा तांब्यासाठी जाळल्या जातात हे मी पाहिले आहे. पीव्हीसी जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात, म्हणून त्या मी ई-कचरा घेणाऱ्याकडेच देते.

सेलवर चालणाऱ्या माळा आणि पणत्यांबद्दल एक वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यांतले सेल ठेवणीआधी काढलेच पाहिजेत. एका वर्षी ते राहून गेले तेव्हा सेल पाझरून डबीतल्या स्प्रिंगवर पांढरा खर साचला होता आणि स्प्रिंग बोट लावताच मोडली. एलईडी पणत्यांमध्ये बटणासारखे चपटे सेल असतात. ते लहान मुलाने गिळले तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघू शकते. आमच्याकडे भाचीचे लहान मूल येते, म्हणून ते सेल काढताच मोजून, टेपमध्ये गुंडाळून, कुलपाच्या कपाटात जातात. हे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

वेढे बांधायला रबर वापरू नये, हेही मी चुकूनच शिकले. कोनांवर घातलेली रबरे पावसाळ्यात चिकट होऊन तारेला चिकटून बसली, आणि जिथे तार उघडी होती तिथे तांबे काळे पडले. रबरातल्या गंधकाचा तो परिणाम. आता आत्यांच्या जुन्या सुती लुगड्याच्या दोन बोटे रुंद चिंध्या फाडून ठेवल्या आहेत. त्यांची सुरगाठ मारली, की ती एका ओढीत सुटते.

ठेवण्याच्या जागेवर आम्ही बराच विचार केला. पोटमाळा कौलांच्या लगेच खाली. एप्रिल-मेमध्ये तिथे हात ठेववत नाही, आणि उंदरांचा तर तोच रस्ता. जमिनीवर ठेवावे तर बेळगावचा पावसाळा! समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आणि घाटमाथ्याच्या इतक्या जवळ असलेल्या या गावात जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात आणि ट्रंकेतल्या लुगड्यांनाही वास येतो. शेवटी सासऱ्यांची जुनी पत्र्याची ट्रंक घासूनपुसून घेतली, तळाशी जुने सुती धोतर अंथरले म्हणजे पत्र्याची कड तारेला लागणार नाही, आणि ती आतल्या खोलीत पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. उंदराचे दात सतत वाढत असतात आणि ते झिजवण्यासाठी तो जे मिळेल ते कुरतडतो. प्लास्टिकचे खोके त्याला अडवत नाही, पत्रा अडवतो. बूट आणि औषधांच्या खोक्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यांतल्या सात-आठ ट्रंकेच्या कोपऱ्यांत टाकते. डांबराच्या गोळ्या मात्र टाकत नाही. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ आणि चिकट होते. आणि थर्माकोलचा एक कणही त्या ट्रंकेत जाऊ देत नाही. आकाशकंदील घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवते. त्याचा होल्डर आणि तार तेवढी ट्रंकेत.

प्रत्येक कोनाच्या निमुळत्या टोकाला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते: क्रमांक, लांबी फुटांत, जागा आणि दुरुस्ती झाली असेल तर तिचे वर्ष. ‘३, तीस फूट, तुळस’, ‘५, पंधरा फूट, देवघर’ असे. झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्ण यादी आहे. नागपंचमीच्या सुमारास एक कोरडी दुपार पाहून ट्रंक उघडते, पुड्या बदलते आणि कुठे बुरशी किंवा तारेच्या टोकाला हिरवट थर दिसतो का ते पाहते. आतापर्यंत एकदाच दिसला, तोही घाईने न वाळवता ठेवलेल्या माळेला.

यंदा तुळशीच्या लग्नाचे मंगलाष्टक आणि उसाचे वाटप झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही बसलो. आत्यांची नजर आता मंद झाली आहे, पण काठी धरायला त्याच लागतात. कोन फिरताना माळ कुठे ताणली जाते आणि कुठे सैल पडते हे त्यांना काठीच्या हलण्यावरून समजते. वृंदावनावरची तीन नंबरची माळ अर्धी गुंडाळून झाली असताना त्यांनी कोन थांबवला. ‘‘हितं काय तरी हाय बघ,’’ त्या म्हणाल्या. मी दिव्याजवळ नेऊन पाहिले, तर एका दिव्याच्या बुडाशी वेष्टण केसभर फाटले होते. पुसताना माझ्या बोटांतून ते निसटले होते. आम्ही माळ पुन्हा सोडली, वेगळ्या पिशवीत घातली, आणि झाकणावरच्या यादीत तीन नंबरपुढे मी पेन्सिलीने लिहिले: ‘वायरमनकडे’.